शोरूमच्या दारातली जुनी फटफटी

जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विकली जाण्याचा एक काळ या देशात होऊन गेला. हा काळ फार दूरचा नाही. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत दोन-तीन वर्षे वापरलेली बजाज स्कूटर कारखान्याच्या छापील किमतीहून अधिक दाम मिळवून देत असे. त्या जादा रकमेला बाजारात ‘ऑन’ म्हणत. आज पंधरा वर्षांची मोटारसायकल घेऊन शोरूमच्या वर्कशॉपमध्ये शिरणाऱ्या माणसाला ‘या मॉडेलचे सामान आता येत नाही’ एवढ्या एका वाक्यात परत फिरावे लागते. या दोन टोकांच्या मध्ये काय घडले, याचा हा इतिहास आहे. तो नागपूरच्या उत्तरेला, सावनेरच्या रस्त्यावर असलेल्या कोराडीत उभे राहून पाहिला तर अधिक स्पष्ट दिसतो.

कोराडीची जुनी ओळख जगदंबेच्या देवस्थानाची. नवी ओळख मिळाली ती १९७४ मध्ये, वीज मंडळाच्या औष्णिक केंद्राचा १२० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला तेव्हा. पुढच्या दहा वर्षांत संचांची संख्या सातवर गेली. केंद्राबरोबर वसाहत आली, पाळीची नोकरी आली आणि दरमहा ठरलेल्या तारखेला हाती पडणारा पगार आला. शेतीवर जगणाऱ्या पंचक्रोशीत असा पगारदार वर्ग एकदम उभा राहणे ही मोठी सामाजिक घटना होती. रात्रपाळी संपवून परतणाऱ्या किंवा नागपुरात शिकणाऱ्या मुलांकडे, दवाखान्यात, बाजारात जाणाऱ्या या माणसाला एसटीच्या वेळापत्रकावर अवलंबून राहणे परवडणारे नव्हते. त्याला दुचाकी हवी होती. विदर्भात तिचे नाव फटफटी.

परंतु हवी म्हणून ती मिळत नसे. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानुसार कोणत्या कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे दिल्लीत ठरत होते. १९६० मध्ये स्कूटरच्या वितरण आणि विक्रीवर नियंत्रण ठेवणारा स्वतंत्र आदेश निघाला. विक्रेत्याने मागणीदारांची नोंदवही ठेवायची, क्रमानेच गाडी द्यायची, आणि घेणाऱ्यानेही ठरावीक मुदतीपर्यंत ती परस्पर विकायची नाही, असा त्याचा आशय. नियम ग्राहकाच्या हिताचा होता. त्यातून तयार झालेली मनोवृत्ती मात्र ग्राहकाच्या हिताची नव्हती. ज्याच्या वहीत पुढच्या कित्येक वर्षांची मागणी आधीच नोंदलेली आहे, त्या विक्रेत्याला कुणाची मनधरणी करण्याचे कारण उरत नाही. काही नाममुद्रांसाठी ही प्रतीक्षा दहा-दहा वर्षांची होती. मुलाच्या जन्माच्या सुमारास नोंदवलेली स्कूटर तो चौथीत गेल्यावर दारात येई.

या टंचाईचा एक अनपेक्षित परिणाम असा की जुन्या गाडीच्या मालकाला प्रतिष्ठा होती. नवी मिळतच नसल्यामुळे जुनी टिकवणे हा व्यवहार होता. त्यात हौस किंवा स्मरणरंजन यांचा भाग नव्हता. मॉडेल वर्षानुवर्षे बदलत नसे, म्हणून १९७५ ची क्लच प्लेट १९६८ च्या गाडीला सहज बसे. विक्रेत्याच्या फडताळात जे सामान असे ते बहुतेक सर्व गाड्यांना चाले. त्यामुळे ‘जुनी गाडी’ असा वेगळा वर्गच तेव्हा नव्हता. हा वर्ग पुढे निर्माण झाला, आणि तो कसा निर्माण झाला हेच या इतिहासातले कळीचे प्रकरण आहे.

त्या काळातील मोटारसायकलींचे जग तीन-चार नावांत सामावत असे. मद्रासजवळ १९५५ पासून बनणारी बुलेट. एस्कॉर्ट्स कंपनीची, मूळ पोलिश रचनेवर बेतलेली राजदूत. आणि म्हैसूरची जावा. जावाचे कूळ चेकोस्लोव्हाकियातले, परंतु तिला भारतात आणणारे इराणी कुटुंब मुंबईच्या पारशी व्यापारी वर्तुळातले. आयडियल जावा या त्यांच्या कंपनीचा म्हैसूरचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला. सत्तरच्या दशकात तिथली गाडी ‘येझदी’ या नावाने बाहेर पडू लागली. याच काळात, १९७२ मध्ये, अहमदनगरच्या कायनेटिक कंपनीने पन्नास सीसीची लुना आणली. ज्याला स्कूटरची रांग परवडत नव्हती त्याच्या घरात ती शिरली. या सर्व यंत्रांचे एक समान वैशिष्ट्य होते. पाना, पक्कड आणि थोडी समज असलेला माणूस ती स्वतः उघडू शकत असे. कोराडीसारख्या ठिकाणी तर टर्बाइन आणि बॉयलरशी रोज झुंजणारे हात होते. त्यांना कार्बोरेटर साफ करणे किंवा पॉइंटची फट बसवणे अवघड वाटण्याचे कारण नव्हते.

मग १९८० च्या दशकाचा मध्य उजाडला. सरकारने दुचाकी उद्योगाला परदेशी सहकार्याची दारे उघडली आणि दोन-तीन वर्षांत जपानच्या चारही मोठ्या कंपन्या भारतीय भागीदारांचा हात धरून आल्या. १९८४ मध्ये टीव्हीएसबरोबर सुझुकी, त्याच वर्षी हीरोबरोबर आणि कायनेटिकबरोबर होंडा. १९८५ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरएक्स १०० बाजारात आणली. आणि आकुर्डीच्या बजाजने कावासाकीशी हातमिळवणी केली. गाड्या हलक्या झाल्या, पेट्रोल कमी पिऊ लागल्या आणि रांगा आटू लागल्या.

विक्रेत्याचे रूपही बदलले. नोंदवही ठेवणारा दुकानदार जाऊन काचेचे दालन, मागे वर्कशॉप आणि बाजूला सामानाची खिडकी असलेला ‘डीलर’ आला. गाडीबरोबर मोफत सर्व्हिसिंगची कुपने मिळू लागली. या कुपनांकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक ग्राहक आणि विक्रेता यांच्या नात्याचा करारनामा म्हणजे तीच होती. कुपने संपेपर्यंत गाडी ‘आपली’. कुपने संपली, वॉरंटीची मुदत सरली, की ती ‘जुनी’. वयाची ही नवी मोजणी यंत्राच्या झिजेवरून ठरत नव्हती. ती कागदावरून ठरत होती. चार वर्षांची उत्तम चालणारी गाडीही या अर्थाने जुनी ठरू लागली.

स्पर्धेमुळे मॉडेल झपाट्याने बदलू लागले. दोन वर्षांनी दिव्याची खोबण निराळी, चार वर्षांनी इंजिन निराळे. फडताळातले सामान एकाच पिढीपुरते उपयोगी उरले. डीलरच्या दृष्टीने विचार केला तर त्याची अडचण खोटी नाही. सामानात अडकलेला पैसा म्हणजे बँकेचे व्याज. महिन्यातून एकदा खपेल असा सुटा भाग ठेवण्यापेक्षा रोज खपणारे ब्रेक शू आणि ऑइल फिल्टर ठेवणे त्याला परवडते. जुन्या गाडीचा गंजलेला एक बोल्ट कारागिराचा तास खातो, आणि जॉब कार्डावर त्या तासाचे मोल लावायला रकानाच नसतो. शिवाय वर्कशॉपमधला तरुण शिकलेला असतो तो चालू मॉडेलवर. तो जुन्या गाडीला हात लावायला कचरतो, कारण ती त्याने कधी उघडलेलीच नसते. नकाराच्या मागे असे हिशेब असतात. त्या हिशेबांचे स्पष्टीकरण मात्र ग्राहकाला क्वचितच दिले जाते. त्याच्या वाट्याला येते ते एक वाक्य आणि नव्या गाडीच्या एक्स्चेंज योजनेचा कागद.

१९९६ हे साल या कथेत दोनदा येते. त्या वर्षी आरएक्स १०० चे उत्पादन थांबले आणि त्याच वर्षी म्हैसूरचा येझदीचा कारखाना बंद पडला. दोन्ही गाड्या दोन-स्ट्रोक. प्रदूषणाचे कडक होत जाणारे निकष आणि चार-स्ट्रोक गाड्यांचे मायलेज यांपुढे त्यांचा टिकाव लागणे कठीणच होते. परंतु दोघींच्या मालकांचे प्राक्तन वेगळे झाले. आरएक्सच्या मालकामागे कंपनी उरली होती. येझदीच्या मालकामागे कुणीच नव्हते. विक्रेत्यांच्या पाट्या उतरल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या कंपन्यांच्या पाट्या लागल्या आणि कालपर्यंत ज्या दारात गाडी हक्काने उभी राहत होती तिथे ती परकी झाली.

इथून पुढे जुन्या गाडीचे ज्ञान शोरूममधून रस्त्यावर उतरले. झाडाखाली खोका टाकून बसलेला मिस्त्री, लेथवाला, सिलिंडर बोअर करून देणारा कारखानदार, पुण्याच्या नाना पेठेतला किंवा दिल्लीच्या करोल बागेतला सुट्या भागांचा व्यापारी, भंगारातून चालू गियर वेगळे काढणारा कबाडी, ही एक समांतर व्यवस्था होती. तिचे शिक्षण गुरुशिष्य परंपरेने चाले. इंजिनाचा आवाज ऐकून कोणती बेअरिंग गेली हे सांगणारा मिस्त्री कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय ही विद्या बाळगून होता. ‘ओरिजिनल’ आणि ‘डुप्लिकेट’ हे दोन शब्द मराठीत पक्के बसले तेही बऱ्याच अंशी याच बाजारामुळे. डुप्लिकेट माल फसवणूक करतो ही तक्रार खरी. परंतु ज्या भागाचे ओरिजिनल बनणेच बंद झाले त्याच्याबाबतीत डुप्लिकेटने शेकडो संसार चालते ठेवले, हेही नोंदवायला हवे.

बुलेटची कथा अपवादाची आहे. इंग्लंडमधील मूळ कंपनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी लयाला गेली, पण मद्रासचा कारखाना त्याच ओतीव लोखंडाच्या इंजिनावर चालत राहिला. अनेक दशके रचना फारशी न बदलल्यामुळे नातवाच्या काळातला सुटा भाग आजोबांच्या बुलेटला बसत असे. मागासलेपणाचा हा असाही एक लाभ! २०१० च्या आसपास नवे इंजिन सर्व गाड्यांत आले आणि बुलेटवाल्यांतही ‘जुने’ आणि ‘नवे’ अशी फाळणी झाली. कंपनीचा खप तेव्हाच गगनाला भिडला होता. शोरूममध्ये नव्या गाडीसाठी पुन्हा रांगा लागल्या आणि लोखंडी इंजिनवाला आपल्या जुन्या मिस्त्रीकडे गेला.

डीलरला खलनायक ठरवून हा इतिहास संपवता येत नाही, कारण त्याच्याही पायाखालची जमीन वारंवार सरकली आहे. ज्या भागीदाऱ्यांवर त्याने आपले भांडवल लावले त्या एकामागून एक तुटल्या: १९९८ मध्ये कायनेटिक आणि होंडा, २००१ मध्ये टीव्हीएस आणि सुझुकी, २०१० च्या डिसेंबरात हीरो आणि होंडा. २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणेच थांबवत असल्याचे जाहीर केले. ज्या कंपनीचे नाव घराघरांत स्कूटरसाठीच घेतले जाई तिने. सप्टेंबर २०२० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने भारतातील कारखाना आणि स्वतःची विक्रीव्यवस्था गुंडाळण्याची घोषणा केली, तेव्हा लाखो रुपये मोजलेले ग्राहक आणि कोट्यवधी गुंतवलेले डीलर एकाच होडीत बसले. महिनाभरात हीरोशी करार होऊन ग्राहकाची काही सोय झाली. डीलरांच्या संघटनेने मात्र त्यानिमित्ताने आपली मागणी पुन्हा पुढे आणली: कंपनी निघून गेल्यास विक्रेत्याला संरक्षण देणारा कायदा हवा. कंपनी आणि ग्राहक यांच्या मध्ये उभा असलेला हा माणूस वरून येणारा धक्का खाली देतो, एवढेच अनेकदा घडत असते.

३० आणि ३१ मार्च २०१७ या दोन दिवसांचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागेल. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की १ एप्रिलपासून भारत स्टेज तीन निकषांची गाडी विकता येणार नाही. उद्योगसंघटनेच्या आकडेवारीनुसार अशी सुमारे ८ लाख २४ हजार वाहने पडून होती, त्यांत ६ लाख ७१ हजार दुचाकी. दोन दिवसांत जे विकले जाईल ते पैसे, उरेल ते लोखंड. कंपन्यांनी सवलती जाहीर केल्या. काही दुचाकींवर ती २२ हजार रुपयांपर्यंत गेली. देशभर शोरूमच्या दारांत झुंबड उडाली, अनेक ठिकाणी दुपारपर्यंतच माल संपला. परवान्याच्या काळानंतर दुचाकीसाठी अशी गर्दी प्रथमच दिसत होती.

त्या झुंबडीत गाडी घेतलेल्या ग्राहकाची स्थिती इतिहासदृष्ट्या विलक्षण आहे. शुक्रवारी त्याने कोरी गाडी घरी नेली. शनिवारी ती मागील पिढीची झाली. गाडी चालवण्यावर बंदी नव्हती, वॉरंटीही होती. परंतु तिच्या पिढीचे उत्पादन त्याच क्षणी थांबलेले होते. तीन वर्षांनी, १ एप्रिल २०२० ला, भारत स्टेज सहा आला आणि बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसली. आता २०१७ ची ती गाडी एकदम दोन पिढ्या मागे गेली होती. तिचा कार्बोरेटर साफ करता येणारा कारागीर शोरूमपेक्षा चौकात सापडण्याचा संभव अधिक.

या सर्व काळात कायदा कुठे होता? महाराष्ट्राने या बाबतीत लवकर पाऊल टाकले होते. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले, म्हणजे कोराडीचा पहिला संच फिरू लागला त्याच वर्षी. १९८६ मध्ये केंद्राचा ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि जिल्हा मंचात साध्या अर्जावर दाद मागण्याची सोय झाली. परंतु तो कायदा सदोष माल आणि उणी सेवा यांचा विचार करत होता. ‘सामान येत नाही’ हे उत्तर दोष की केवळ दुर्दैव, हा प्रश्न त्याने सोडवला नाही.

सामानावरच्या मक्तेदारीला पहिला मोठा धक्का २०१४ मध्ये बसला. भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती फक्त अधिकृत विक्रेत्यांपुरती ठेवून स्वतंत्र कारागिरांची वाट अडवली, असा ठपका होता. पुढे अपिलात काही कंपन्यांच्या दंडाचा आधार बदलून तो कमी झाला, तरी ठपका टिकला. हा खटला चारचाकींचा. दुचाकीवाल्याला त्यातून थेट काही मिळाले नाही, पण चौकातल्या मिस्त्रीचाही सामानावर हक्क असू शकतो हे तत्त्व प्रथमच सरकारी कागदावर उमटले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या कक्षेत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने होती. वर्षअखेरीस त्यासाठी एक संकेतस्थळही सुरू झाले.

याच सुमारास शासनाचे दुसरे पाऊल नेमके उलट दिशेने पडले. मार्च २०२१ मध्ये लोकसभेत वाहन भंगार धोरण मांडले गेले. ते मांडणारे रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी नागपूरचेच खासदार. जुनी, धूर ओकणारी वाहने रस्त्यावरून जावीत आणि नव्या खरेदीला चालना मिळावी हा त्यामागचा विचार. त्याला जोडून १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारसायकलच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले, आणि उशीर झाल्यास दरमहा ३०० रुपयांचा भुर्दंड. हवा सर्वांचीच आहे, म्हणून या धोरणाला सरसकट विरोध करणे योग्य नव्हे. कोराडीच्या माणसाला धुराचे मोल कुणी शिकवायला नको. तरीही एका हाताने दुरुस्तीचा हक्क आणि दुसऱ्या हाताने भंगाराचे आमंत्रण देणाऱ्या शासनाने, गाडी कोणत्या वयापर्यंत दुरुस्त करण्याजोगी मानायची, हे सांगितलेले नाही.

कोराडीतच याला एक बोलका दाखला आहे. केंद्रातील १२० मेगावॅटचे जुने संच कालांतराने निवृत्त झाले आणि ६६० मेगावॅटचे तीन नवे संच उभे राहिले. परंतु ऐंशीच्या दशकात सुरू झालेला २१० मेगावॅटचा सहावा संच मोडीत निघाला नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने देशातील जुन्या कोळसा संचांचे पुनरुज्जीवन करण्याचा जो प्रकल्प २००९ मध्ये मंजूर झाला, त्यात कोराडीच्या या संचाची निवड झाली. झिजलेले भाग बदलून यंत्राचे आयुष्य वाढवणे आणि त्याची कार्यक्षमताही सुधारणे, हा त्याचा उद्देश होता. त्या संचाच्या वयाची मोटारसायकल बाळगणारा निवृत्त कर्मचारी वसाहतीतून नागपूरला गेला, तर त्याला पिस्टन रिंगही मिळण्याची शाश्वती नव्हती.

नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा हे नाव भारतात परत आले, आणि २०२२ च्या जानेवारीत येझदीही. नवी कंपनी महिंद्र समूहाच्या भांडवलावर उभी आहे आणि म्हैसूरच्या जुन्या घराण्यातील बोमन इराणी तिच्यात भागीदार आहेत. टाकीची गोलाई आणि दुहेरी सायलेन्सर यांतून जुन्या गाडीची आठवण मुद्दाम जपली आहे. इंजिन मात्र चार-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे. जुन्या दोन-स्ट्रोक गाडीच्या इंजिनाला त्यातले काहीच चालत नाही. शोरूमच्या दारात जुनी जावा उभी राहिली तर तिचे छायाचित्र घ्यायला गर्दी जमते. सामानाच्या खिडकीवर तिच्यासाठी काही नसते. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशातल्या अनेक शहरांत या जुन्या गाड्यांचे मालक एकत्र जमतात. त्या मेळाव्यांत गाड्यांच्या चमकदार टाक्यांइतकीच चर्चा कोणत्या गावचा लेथवाला अजून क्रँक नीट बसवून देतो याची असते, आणि त्याचा फोन नंबर हातोहात पुढे जातो.